रशियनमधून नॉर्वेजियनमध्ये: मानसशास्त्राचा मजकूर कुणाच्या हाती द्यायचा?

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातले काही अडखळे काढले आहेत, बाकी जसं बोललं तसं.)



आज एकाच प्रश्नावर बोलणार आहे. प्रश्न आलाय नॉर्वेतून, आपल्या एका श्रोत्या ताईंकडून. त्या तिथल्या एका शाळेत काम करतात. त्यांचं म्हणणं असं की, शाळेत एक रशियन बोलणारा मुलगा दाखल झालाय, त्याच्यासोबत मानसशास्त्रीय तपासणीचे जुने अहवाल आलेत, सगळे रशियनमध्ये. शिवाय त्यांच्या एका सहकाऱ्याला विगोत्स्कीचे काही लेख मुळातून नॉर्वेजियनमध्ये हवे आहेत. "दोन्ही कामं करणारा एकच माणूस मिळेल का? आणि शोधायचा कुठे?"

मला का विचारलं, तर मी रशियन शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि नॉर्वेजियन पुढे वाचता वाचता आली. बोलते ती अजून पुस्तकीच. पण या दोन भाषांमधल्या वाटेवर कुठे खड्डे आहेत ते थोडं माहीत आहे.

आधी एक अगदी साधी गोष्ट तपासा. कागद खरंच रशियनमध्येच आहेत ना? ही शंका उगाच काढत नाहीये. गेल्या काही वर्षांत नॉर्वेत युक्रेनमधून खूप कुटुंबं गेली. त्यांतली कित्येक घरी रशियन बोलतात, पण मुलाचे शाळेचे आणि दवाखान्याचे कागद युक्रेनियनमध्ये असतात. लिपी दोन्हीकडे सिरिलिक, त्यामुळे न जाणणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. ओळखायची खूण सांगते. इंग्रजी आय सारखी उभी रेघ आणि वर एक टिंब, किंवा दोन टिंबं, असं अक्षर मजकुरात जागोजाग दिसलं तर ती युक्रेनियन. आजच्या रशियनमध्ये ते अक्षर नाही. रशियनचा माणूस नेमून मग हे कळलं, तर दोन आठवडे फुकट जातात.

आता मुलाच्या अहवालाबद्दल. मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त जोखीम याच कागदात आहे.

रशियन अहवालांत एक संक्षेप फार वेळा येतो: झे-पे-एर. पूर्ण रूप 'झादेर्झ्का प्सिखिचेस्कव राझ्वीतिया'. शब्दशः पाहिलं तर 'मानसिक विकासातला विलंब'. रशियन शाळाव्यवस्थेत ही एक ठरलेली वर्गवारी आहे. मूल मागे पडतंय, लक्ष टिकत नाही, वयाच्या मानानं शिकण्याची तयारी उशिरा होतेय, पण बौद्धिक अक्षमता नाही, अशा मुलांसाठीची. बौद्धिक अक्षमतेला रशियनमध्ये वेगळं नाव आहे, 'उम्स्त्वेन्नाया अत्स्तालस्त'. दोन्ही वर्गवाऱ्यांच्या मुलांचे अभ्यासक्रम वेगळे, पुढच्या वाटा वेगळ्या. मूल यांतल्या कुठल्या गटात बसतं याची शिफारस मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि शिक्षक यांचं एक आयोग करतं. म्हणजे रशियातल्या पालकांना या दोन शब्दांतलं अंतर पक्कं ठाऊक असतं. आपलं मूल पहिल्या बाजूला आहे, दुसऱ्या नाही, यावर त्यांनी कधी कधी आयोगासमोर वादही घातलेला असतो.

आता हा शब्द नॉर्वेजियनमध्ये न्या. कोश उघडला, एकेक शब्द बदलला. 'प्सिखिचेस्कव'चं झालं 'प्सीकिस्क'. 'राझ्वीतिया'चं 'उत्विक्लिंग'. 'झादेर्झ्का' म्हणजे अडवणं, थोपवणं, उशीर होणं. त्याला 'हेम्मिंग' घेतलं. जोडून काय तयार झालं? 'प्सीकिस्क उत्विक्लिंग्सहेम्मिंग'. आणि नॉर्वेजियनमध्ये हे वर्षानुवर्षं चालत आलेलं अधिकृत नाव आहे बौद्धिक अक्षमतेचं! निदानाच्या यादीत त्याच नावानं नोंद होती.

बघा काय झालं. तीनही शब्द कोशात बरोबर. व्याकरण बरोबर. आणि मुलाच्या कागदावर असं निदान आलं जे त्याला कधी कुणी दिलंच नव्हतं. नॉर्वेत प्रत्येक कम्यूनकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, शाळांसाठीची एक शैक्षणिक-मानसशास्त्रीय सेवा असते, तिला सगळे पे-पे-ते म्हणतात. मुलाला खास मदत द्यायची का आणि कोणती, यावर तिथला तज्ज्ञ मत लिहितो. तो स्वतः मुलाला तपासतो हे खरं, पण तपासायला बसताना त्याच्या हातात हाच कागद असतो. आईवडिलांना अजून नॉर्वेजियन येत नाही, त्यामुळे कागदावर काय छापलंय हे त्यांनाही कळत नाही. कळलं तर ते त्याच क्षणी उठून उभे राहतील.

मग बरोबर काय? माझ्या मते, 'फोर्सिंकेत प्सीकिस्क उत्विक्लिंग', म्हणजे 'उशिरानं होणारा मानसिक विकास', असं साधं वर्णन करायचं. कंसात मूळ रशियन संज्ञा ठेवायची. आणि खाली अनुवादकाची टीप: ही रशियन शैक्षणिक वर्गवारी आहे, बौद्धिक अक्षमतेपेक्षा वेगळी. इथे अनुवादकानं आपल्या मनानं एखादं नॉर्वेजियन निदान शोधून चिकटवायचं नाही. निदान करणं त्याचं काम नव्हे.

अशा आणखी काही जागा आहेत, त्या भराभर सांगते. जुन्या कागदांत 'सातव्या प्रकारची' शाळा किंवा 'आठव्या प्रकारची' शाळा असा उल्लेख सापडेल. ते इयत्ता सातवी-आठवीबद्दल नसतं! विशेष शाळांचे क्रमांक होते ते; सातवा प्रकार झे-पे-एरसाठी, आठवा बौद्धिक अक्षमतेसाठी. अहवालाखाली 'देफेक्तोलोग'ची सही असेल. तसाच 'डिफेक्टोलॉजिस्ट' ठेवला तर नॉर्वेजियन वाचणारा दचकेल. तो विशेष शिक्षक असतो, नॉर्वेजियनमध्ये 'स्पेसिआल्पेडागोग'. आणि मोठ्या माणसांच्या कागदांत 'व्हेगेटो-सोसुदिस्ताया दिस्तोनिया' नावाचं एक निदान भेटतं. धडधड, चक्कर, घाम, थकवा असं बरंच काही त्या एका नावाखाली येतं. नॉर्वेजियन डॉक्टरकडे त्या नावाचा खणच नाही. तिथेही तोच उपाय, मूळ नाव ठेवा आणि टीप द्या.

आता माणूस शोधायचा कुठे ते बघू.

नॉर्वेजियनमध्ये तीन वेगळे शब्द आहेत आणि ते समजून घेतले की अर्धा गोंधळ मिटतो. 'तोल्क' म्हणजे दुभाषी, तोंडी काम करणारा. 'ओव्हरसेत्तर' म्हणजे अनुवादक, लेखी काम करणारा. हा शब्द कुणीही स्वतःला लावू शकतो. आणि 'स्तात्सऑटोरिसेर्त त्रान्सलातॉर' म्हणजे शासनमान्य अनुवादक, कठीण परीक्षा देऊन झालेला.

शाळेत बहुतेक वेळा दुभाष्याचा फोन नंबर आधीच असतो. १ जानेवारी २०२२ पासून नॉर्वेत दुभाष्यांचा कायदा लागू आहे. सरकारी कचेऱ्यांनी गरज असेल तिथे पात्र दुभाषीच वापरायचा, आणि मुलांना दुभाषी म्हणून बसवायचं नाही. (हे आपल्याकडेही हवं, पण तो विषय वेगळा.) त्यासाठी राष्ट्रीय नोंदवहीसुद्धा आहे. त्यामुळे साहजिकच वाटतं, त्याच दुभाष्याला अहवाल देऊन टाकू. पण तोंडी दुभाषीपण आणि लेखी अनुवाद ही दोन वेगळी कसबं आहेत. पालकसभेत उत्तम काम करणारा माणूस चाचणीच्या निष्कर्षाचा परिच्छेद लिहायला बसला की अडतो, आणि अडला तरी नाही म्हणत नाही.

शासनमान्य अनुवादकांची स्वतःची संघटना आहे, १९१३ पासूनची. तिच्याकडे भाषेनुसार नावं मिळतात. मान्यता एका दिशेची असते, हे मात्र नीट पाहा. रशियनमधून नॉर्वेजियनमध्ये वेगळी, नॉर्वेजियनमधून रशियनमध्ये वेगळी. तुम्हाला पहिली हवी. मुलाच्या अहवालासाठी इथूनच सुरुवात करा, कारण शिक्का लागलाच तर तो यांच्याकडे असतो. पण शिक्का आहे म्हणजे मानसशास्त्र येतं असं धरून चालू नका. कायद्याचे आणि व्यवहाराचे कागद ही या मंडळींची नेहमीची जमीन.

विगोत्स्कीसाठी दुसरीकडे जावं लागेल. ललितेतर पुस्तकं लिहिणाऱ्यांची आणि अनुवाद करणाऱ्यांची एक मोठी संघटना आहे, 'एन-एफ-एफ-ओ', १९७८ साली सुरू झालेली. साहित्यिक अनुवादकांची वेगळी आहे, ती १९४८ पासूनची. रशियन कादंबऱ्या नॉर्वेजियनमध्ये आणणारी माणसं तिथे सापडतात, आणि त्यांच्यापैकी काही जण वैचारिक गद्यही करतात. ऑस्लो, बर्गेन आणि ट्रोम्सो या तिन्ही विद्यापीठांत रशियन शिकवतात, तिथल्या प्राध्यापकांना एक ईमेल टाकायला काही लागत नाही.

म्हणजे ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असं, की एकच माणूस दोन्ही करेल ही आशा सोडा. मिळाला तर नशीब.

आता या शोधात एक मोह होतोच, त्याबद्दल बोलायचंय. रशियन ते नॉर्वेजियन माणसं थोडी. रशियन ते इंग्रजी पुष्कळ. आणि नॉर्वेत इंग्रजी सगळ्यांनाच येतं. मग कुणीतरी म्हणतं, विगोत्स्कीचं इंग्रजी भाषांतर आहेच की, त्यावरूनच नॉर्वेजियन करू. काय बिघडलं?

आपल्याला, मराठी माणसांना, ही वाट चांगली ओळखीची आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं, श्री. वि. वर्तकांनी केलेलं रूपांतर. मूळ नाटक ब्यॉर्नसनचं, म्हणजे चक्क नॉर्वेजियन! पण वर्तक काही नॉर्वेजियन शिकले नव्हते, मध्ये इंग्रजी होती. आणि त्यानं काही बिघडलं नाही, नाटकानं मराठी रंगभूमीला नवं वळण दिलं. कारण ते रूपांतर होतं. मानसशास्त्राच्या ग्रंथात मात्र एकेका संज्ञेवर इमारत उभी असते, आणि तिथे मधली भाषा काय करते ते दाखवते.

विगोत्स्कीचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक १९३४ साली निघालं, त्याच वर्षी तो क्षयानं गेला होता, अवघ्या ३७ व्या वर्षी. रशियन नाव 'म्यिश्लेनिये इ रेच'. 'म्यिश्लेनिये' म्हणजे विचार करणं, ती चालू असलेली क्रिया. तयार झालेल्या विचाराला रशियनमध्ये वेगळा शब्द आहे. 'रेच' म्हणजे बोलणं, वाणी. भाषेला, म्हणजे मराठी भाषा, रशियन भाषा म्हणतो त्या अर्थी, 'याझ्यिक' हा वेगळा शब्द. १९६२ साली इंग्रजी भाषांतर आलं, त्याचं नाव ठेवलं 'थॉट अँड लँग्वेज'. विचार आणि भाषा. दोन्ही शब्द हलले. नुसतं नावच नव्हे, ते भाषांतर बरंच संक्षिप्तही होतं, पुष्कळ भाग गाळलेला होता. पुढे १९८७ साली निवडक ग्रंथांच्या पहिल्या खंडात 'थिंकिंग अँड स्पीच' या नावानं पुन्हा पूर्ण भाषांतर झालं, पण तोवर एका अख्ख्या पिढीनं पहिलंच वाचलं होतं.

नॉर्वेजियन आवृत्तीचं नाव काय आहे माहितीये? 'टेंक्निंग ओ ताले'. विचार करणं आणि बोलणं. जसंच्या तसं. नॉर्वेजियनकडे हे दोन्ही शब्द आयते होते, इंग्रजीकडून उसने घ्यायची गरज नव्हती.

हा योगायोग नाही, असं मला वाटतं. रशियन शास्त्रीय परिभाषा बरीचशी जर्मनच्या सहवासात घडली, आणि नॉर्वेजियनचीही तशीच. त्यामुळे जिथे इंग्रजीत एकच शब्द आहे तिथे या दोघींकडे बरेचदा जोडी असते. लेऑन्त्येव्हचं उदाहरण घ्या. त्याच्या सगळ्या मांडणीचा पाया 'देयातेल्नोस्त' या शब्दावर. हेतू धरून, समाजात राहून केलेला उद्योग, असं काहीसं. रशियनमध्ये 'आक्तिव्नोस्त' हा शब्दही आहे, तो नुसत्या सक्रियतेसाठी. इंग्रजीत दोन्ही जाऊन पडतात 'ॲक्टिव्हिटी'त. नॉर्वेजियनमध्ये मात्र 'विर्कसोमहेत' आणि 'आक्तिव्हितेत' असे दोन शब्द आहेत, जवळजवळ त्याच फरकानं. इंग्रजीवरून भाषांतर करणारा सरसकट 'आक्तिव्हितेत' लिहील आणि लेऑन्त्येव्ह जिथे दोघांत फरक करतो ते वाक्य निरर्थक होईल. अर्थात 'विर्कसोमहेत'ला एक खोट आहे, रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ धंदा किंवा कंपनी असाही होतो. चांगला अनुवादक हे तुम्हाला आपणहून सांगेल.

विगोत्स्कीत 'झ्नाचेनिये' आणि 'स्मिस्ल' अशी एक जोडी आहे. शब्दाचा कोशातला अर्थ, आणि तोच शब्द एखाद्या माणसाच्या मनात त्या प्रसंगी जे उभं करतो तो आशय. नॉर्वेजियनमध्ये 'बेतिद्निंग' आणि 'मेनिंग'. बसतं की नाही?

आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, 'ओबुचेनिये'. शिक्षक शिकवतो आणि मूल शिकतं, ही दोन्ही टोकं धरणारा एकच शब्द. मराठीत आपल्याला 'अध्ययन-अध्यापन' असा जोडशब्द करावा लागतो, तोही शिक्षणशास्त्राच्या पदविकेतला. इंग्रजी भाषांतरांत कुठे 'इन्स्ट्रक्शन' आहे, कुठे 'लर्निंग'. वाक्य तेच, पण एकात शिक्षक दिसतो आणि दुसऱ्यात नाहीसा होतो. शिक्षणशास्त्राच्या वर्गात यावरून वाद झडतात की विगोत्स्कीला शिक्षक महत्त्वाचा वाटत होता की नव्हता, आणि त्यातला काही वाद निव्वळ भाषांतराचा असतो. नॉर्वेजियनकडे 'ओप्लेरिंग' आहे. तिथल्या शिक्षण कायद्याच्या नावातच तो शब्द आहे. माझ्या मते तो 'ओबुचेनिये'च्या सगळ्यात जवळ जातो. इंग्रजीवरून येणाऱ्याला 'लर्निंग' दिसेल, तो 'लेरिंग' लिहील, आणि हा शब्द त्याच्या डोक्यात येणारच नाही.

मधल्या भाषेतून आणखी एक गोष्ट घडते, मूळ लेखकाच्या तोंडी दुसऱ्याचेच शब्द जातात. नॉर्वेतल्या शिक्षकांना 'स्तिल्लास' हा शब्द पाठ असतो, बांधकामावरची परांची. मुलाला शिकताना तात्पुरता आधार द्यायचा, मग काढून घ्यायचा. पुष्कळांना वाटतं ही विगोत्स्कीची उपमा. आज ज्या अर्थानं ती वापरतात तो अर्थ १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या इंग्रजी लेखातून आला. तेव्हा अनुवादकानं उत्साहानं विगोत्स्कीच्या मजकुरात 'स्तिल्लास' घातलं असेल, तर मूळ वाक्य मागा.

म्हणून विगोत्स्कीपुरतं माझं मत स्पष्ट आहे: थांबावं लागलं तरी चालेल, पण रशियनमधूनच करून घ्या. इंग्रजी प्रत शेजारी ठेवायला हरकत नाही. आणि कुठल्या रशियन आवृत्तीवरून करायचं हे अनुवादकाला लेखी द्या. १९३६ साली सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीनं पेडोलॉजी, म्हणजे बालविकासाचं जे शास्त्र विगोत्स्कीच्या काळी जोरात होतं, त्यावर बंदी आणली. त्यानंतर त्याचं हे पुस्तक पुन्हा छापायला १९५६ उजाडलं, आणि त्या आवृत्तीत मजकुराला हात लागलेला आहे. नंतर १९८२ पासून सहा खंड निघाले. 'रशियन मूळ' असं नुसतं म्हटलं तर कुठलं मूळ, हा प्रश्न उरतोच.

हक्कांचंही एका वाक्यात. विगोत्स्की जाऊन ७० वर्षं कधीच उलटली, त्यामुळे त्याचा मजकूर मोकळा आहे. लुरिया १९७७ साली गेला, त्याचं काही करायचं तर परवानगी लागेल.

बरं, दोन-तीन नावं हाती आली. पारखायचं कसं?

एक पान द्या नमुन्याला, पैसे देऊन. फुकट नमुना मागू नका, चांगली माणसं फुकट देत नाहीत आणि देऊही नये. पान निवडताना मुद्दाम अडचणीचं निवडा. झे-पे-एर असू दे. मुलाच्या आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं एखादं वाक्य असू दे. आईचं वाक्य कशाला, ते मराठी माणसाला लगेच कळेल. आपण म्हणतो 'मी थकलो', 'मी थकले', आणि बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदावरूनच कळतं. रशियनमध्ये भूतकाळात अगदी असंच होतं. नॉर्वेजियनमध्ये होत नाही. रशियन अहवालात "म्हणाली, खूप घाबरले होते" एवढंच लिहिलं तरी कोण घाबरलं हे स्पष्ट असतं. नॉर्वेजियनमध्ये आई घाबरली होती की बाबा, हे वेगळं सांगावं लागतं, नाहीतर हरवतं. तसंच 'तू' आणि 'तुम्ही'चं. रशियनमध्ये दोन्ही आहेत, नॉर्वेजियनमध्ये आदरार्थी रूप वापरातून जवळपास गेलंय, सगळ्यांना 'दू'. मानसशास्त्रज्ञ मुलाशी 'तू'वर कधी आला, हे कधी कधी संभाषणाच्या नोंदीत महत्त्वाचं असतं.

पान परत आलं की आधी अनुवाद वाचू नका, सोबत आलेले प्रश्न वाचा. "हा संक्षेप तुमच्या वाचकाला माहीत आहे का?" "हे पे-पे-तेसाठी आहे की पालकांसाठी?" "बोकमोल हवी की नीनोर्स्क?" (नॉर्वेजियनची दोन लेखी रूपं आहेत, आणि पश्चिमेकडच्या कितीतरी कम्यूनमध्ये नीनोर्स्क चालते.) असे प्रश्न आले तर माणूस कामाचा. मानसशास्त्राच्या पानावर एकही प्रश्न न विचारता गुळगुळीत अनुवाद आला, तर मी तरी पुढचं काम देणार नाही.

नमुना वाचायला मात्र दोन माणसं लागतील, रशियन जाणणारा एक आणि नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ दुसरा. पुढच्या सगळ्या कामातही हीच जोडी ठेवलीत तर उत्तम. नॉर्वेजियन ज्याची मायबोली आहे असा अनुवादक, आणि रशियात शिकून आता नॉर्वेत राहणारं कुणी मानसशास्त्रातलं. दुसऱ्या माणसानं लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या.

चाचण्यांबद्दल थोडंसं. ताईंनी विचारलं नाही, पण पुढे कुणीतरी विचारेलच, की रशियन प्रश्नावली सापडली आहे, तीच भाषांतर करून मुलाला देऊ का? नको. भाषांतर केलेली चाचणी ही नवीनच चाचणी असते. तिचे गुण कुणाशी ताडून बघणार, नॉर्वेतल्या मुलांशी की रशियातल्या? त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे, आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि ते एका अनुवादकाचं काम नाही. उलट-भाषांतर करून बघू, असंही सुचवतात. म्हणजे नॉर्वेजियनवरून कुणी दुसऱ्यानं परत रशियन करायचं आणि मुळाशी जुळतं का बघायचं. उपयोग होतो, पण मघाचा 'प्सीकिस्क उत्विक्लिंग्सहेम्मिंग' आठवा. शब्दशः करणाऱ्याच्या हाती दिला तर तो परत 'झादेर्झ्का प्सिखिचेस्कव राझ्वीतिया' होऊन येईल. मुळाशी तंतोतंत जुळेल, आणि चूक आत तशीच बसून राहील.

पैशाचं. दर सांगणार नाही, ते माणसागणिक बदलतात. मोजायचं कसं ते सांगते. मूळ रशियन मजकुराच्या अक्षरांवर, मोकळ्या जागा धरून, मोजा. रशियन प्रकाशनव्यवहारात तीच पद्धत आहे; तिथलं एक 'लेखक-पत्रक' म्हणजे ४०,००० अक्षरं. नॉर्वेजियन शब्दांवर मोजलं तर गंमत होते, कारण नॉर्वेजियन तीन-तीन शब्द जोडून एक लांबलचक शब्द करते, आणि अनुवादकाचं नुकसान होतं.

आणि यंत्र. "टाकून बघितलं यंत्रात, बरं येतंय की" असं म्हणणारे भेटतील. येतं बरं, मी नाकारत नाही. पण मुलाचा आरोग्याचा कागद, नावासकट, इंटरनेटवरच्या कुठल्यातरी फुकट खिडकीत चिकटवणं हा नॉर्वेच्या विदा-संरक्षण कायद्याखाली गंभीर मामला आहे. शाळेची नोकरी आहे, सांभाळा. अनुवादकालाही लेखी विचारा, तो स्वतः काय वापरतो ते.

मध्येच आठवलं म्हणून सांगते. उत्तर नॉर्वेत शे-दीडशे वर्षांपूर्वी रशियन व्यापारी पीठ घेऊन यायचे आणि नॉर्वेजियन कोळ्यांकडून मासे न्यायचे. त्यांच्यात एक कामचलाऊ भाषा तयार झाली होती, 'रुस्सेनोर्स्क'. जेमतेम ४०० शब्दांची. तिचं एक नाव होतं 'मोया पो त्वोया', म्हणजे 'माझी तुझ्यात'. मी तुझ्या भाषेत बोलतोय, असं दोन्ही बाजूंना वाटायचं! मासे आणि पिठापुरतं ते छान चाललं.

तर ताई, पहिलं पत्र कसं लिहाल? सात-आठ ओळींचं. मजकूर कुठला, कुणी, कधी लिहिलेला. किती अक्षरं. हस्ताक्षरात आहे की छापील (हस्ताक्षर असेल तर आधीच सांगा, रशियन डॉक्टरांचं अक्षर आपल्या डॉक्टरांइतकंच सुवाच्य असतं). वाचणार कोण. बोकमोल की नीनोर्स्क. शिक्का हवा की नको. कधीपर्यंत. आणि टिपा दिल्या तर आवडतील, असं आवर्जून लिहा. पुष्कळ अनुवादक टिपा गाळतात, कारण गिऱ्हाईक कटकट करतं असा त्यांचा अनुभव असतो.

अहवालाचं पत्र आधी पाठवा, विगोत्स्की थांबेल. नमुन्याचं पान निवडायला मदत हवी असेल तर मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा, सगळं काळं करून पाठवा, बघून सांगते.

पुढच्या भागात औषधांच्या खोक्यातल्या त्या बारीक अक्षरांच्या कागदाबद्दल. तोवर नमस्कार.